लेकराची राखण

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. आपल्या धाराशिव जिल्ह्यात ती कीर्तनातून ऐकली नाही असा माणूस विरळा. घरधनीण पाण्याला निघाली. जाताना लेकराकडे लक्ष ठेवा म्हणून नवऱ्याला सांगून गेली. काका पायांनी चिखल तुडवीत होते आणि मन विठ्ठलाच्या नामात रंगले होते. लेकरू रांगत रांगत चिखलात आले आणि पायाखाली गेले. पुढे देवाने लेकरू परत दिले, म्हणून आपण हात जोडून सुटकेचा निःश्वास टाकतो.

पण वाचकहो, देवाचा भाग क्षणभर बाजूला ठेवा आणि त्या गोष्टीतले घर पाहा. बाई पाण्याला गेली, कारण घरात पाणी नव्हते. बाप कामात होता, कारण मडकी घडली नाहीत तर चूल पेटत नव्हती. लेकराला धरून बसायला तिसरे माणूस नव्हते. या गोष्टीला सातशे वर्षे झाली. आजही कळंबपासून परंड्यापर्यंत कोणत्याही शिवारात सकाळी दहा वाजता चक्कर मारा. बांधावरच्या बाभळीला झोळी टांगलेली दिसेल. झोळीत सात-आठ महिन्यांचे लेकरू आणि झोळी हलवायला पाच-सहा वर्षांची बहीण. आई पाच-पंचवीस पावलांवर खुरपते आहे, पण तिला मुकाट पुढे सरकावे लागते. पात मागे राहिली तर उद्या रोजंदारीला बोलावणे येत नाही.

गरिबीचा सगळ्यांत मोठा फटका कोणाला बसतो, असे विचारले तर आपण कर्त्या माणसाचे नाव घेतो. कर्ज त्याच्या नावावर असते, सावकाराला तोंड त्याला द्यावे लागते. पण खरा फटका बसतो तो झोळीतल्या लेकराला. मोठा माणूस दोन वर्षे उपाशी राहिला तर बरे दिवस आल्यावर पुन्हा उभा राहतो. दोन वर्षांच्या आतल्या लेकराची गेलेली दोन वर्षे मात्र पुढे पुरतेपणी भरून निघत नाहीत. आजचे हे चार शब्द त्या दोन वर्षांविषयी आहेत.

पहिले हजार दिवस

ज्वारी पोटरीत असताना पाण्याचा ताण बसला तर काय होते, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. नंतर कितीही पाणी दिले तरी कणीस भरत नाही. ताट उभे दिसते, हिरवेही दिसते, पण खळ्यावर माप कमी भरते. माणसाच्या पिकाची पोटरी म्हणजे आईच्या पोटातले नऊ महिने आणि जन्मानंतरची दोन वर्षे. पोटातले सुमारे २७० दिवस, पहिल्या वर्षाचे ३६५ आणि दुसऱ्या वर्षाचे ३६५ मिळून हजार दिवस होतात.

या हजार दिवसांत जेवढी वाढ होते तेवढी पुन्हा कधी होत नाही. जन्मताना साधारण ५० सेंटिमीटर लांब असलेले बाळ वर्षाचे होते तेव्हा ७५ सेंटिमीटरच्या आसपास असते. वजन पाच महिन्यांच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते. दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या तीनचतुर्थांशाहून मोठा झालेला असतो. एवढे बांधकाम चालू असताना माल कमी पडला तर काय होईल? घर उभे राहते, पण बुटके आणि कच्चे राहते.

याला डॉक्टर खुजेपण म्हणतात. वयाच्या मानाने उंची कमी भरणे म्हणजे खुजेपण. आपल्याकडे अशा मुलाकडे पाहून 'बापावर गेलाय, अंगलटच बारीक आहे' असे म्हणायची पद्धत आहे. कधी ते खरे असते, पुष्कळदा नसते. २०१९-२१ या वर्षांतल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांपैकी ३५ मुले खुजी आढळली आणि ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. शंभरातल्या ६९ मुलांची अंगलट बारीक नसते. त्यांच्या ताटात काहीतरी कमी असते.

गरिबी लेकराच्या अंगात कशी शिरते

गरिबी म्हणजे घरात दाणा नसणे, एवढेच आपण समजतो. आता रेशनचे धान्य मिळते, त्यामुळे निव्वळ उपासमार पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. तरी लेकरे रोडावतात ती का? कारण गरिबी चार-पाच वाटांनी आत येते.

पहिली वाट आईची. पोरीचे लग्न सोळाव्या-सतराव्या वर्षी होते. कोयत्याला जोडी लागते म्हणून होते, नाहीतर पोरगी घरात एकटी ठेवायची कशी या धास्तीने होते. स्वतःचीच वाढ पुरी न झालेल्या आईच्या पोटी लहान बाळ येते. बाळाचे वजन जन्मताना अडीच किलोपेक्षा कमी भरले तर ते हजार दिवसांतले पहिले नऊ महिने हरूनच जगात आलेले असते. त्यात गरोदर बाईने शेवटी जेवायचे, उरले तर जेवायचे ही आपली रीत. गाय गाभण असताना तिला आपण आंबोण वाढवतो. सुनेचे काय, हे ज्याचे त्याने मनाला विचारावे.

दुसरी वाट पाण्याची. टँकरचे पाणी साठवून ठेवायचे आणि त्यात हात घालून तांब्या बुडवायचा. लेकराला महिन्या-दोन महिन्याला हगवण लागते. प्रत्येक हगवणीत आठ-दहा दिवसांची वाढ वाहून जाते. ती भरून येते न येते तोच पुढची लागते.

तिसरी वाट वेळेची. लेकराचे पोट त्याच्या मुठीएवढे असते. त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे भरवावे लागते. पण आई सकाळी आठला घराबाहेर पडते आणि दिवेलागणीला येते. घरी म्हातारी असली तर ती चहात बिस्कीट बुडवून देते. नाहीतर दुकानातला पाच रुपयांचा पुडा हातात येतो. लेकरू गप्प बसते. पोट फुगते, पण अंगाला लागत नाही.

चौथी वाट आपण मोजतच नाही, ती बोलण्याची. दिवसभर राबून आलेली आई लेकराशी किती बोलणार? कर्जाच्या काळजीने घुम्म झालेला बाप त्याला खांद्यावर घेऊन चांदोबा कधी दाखवणार? ज्या मुलाशी कोणी बोलत नाही, खेळत नाही, त्याच्या मेंदूची मशागतच होत नाही. शाळेत गेल्यावर गुरुजी म्हणतात, 'डोके नाही.' डोके होते, त्याला पेरणीच मिळाली नाही.

दूध आहे, पण कोणासाठी?

आपला जिल्हा अवर्षणप्रवण खरा, पण येथे काहीच पिकत नाही असे नाही. भूम-वाशीकडचा खवा लांबलांबच्या बाजारात जातो. कुंथलगिरीच्या पेढ्याचे नाव कोणी ऐकले नाही? उस्मानाबादी शेळी जुळ्या करडांसाठी साऱ्या देशात ओळखली जाते आणि जिल्ह्याचे नाव बदलले तरी तिचे नाव तेच राहिले आहे. दूध सकाळी भट्टीवर किंवा डेअरीत जाते आणि घरातले दोन वर्षांचे लेकरू कोरा चहा पिते. दूध विकू नये असे कोणी म्हणणार नाही. घराचा रोजचा खर्च त्यावरच चालतो. पण वर्षावरच्या लेकरासाठी एक पेला दूध आधी काढून ठेवायचे आणि मग किटली भरायची, एवढे ठरवता येते. डेअरीचे माप एक पेल्याने कमी भरेल. त्या पेल्याची किंमत पुढच्या पंधरा वर्षांनी कळेल.

तीच गोष्ट पिकांची. पूर्वी खरिपात तूर, मूग, उडीद, हुलगा, मटकी आणि रब्बीत ज्वारी, करडई, हरभरा असे मिश्र पीक घरोघर होते. आता सोयाबीनचा पट्टा पडला आहे. सोयाबीनचे पोते बाजारात जाते आणि पैसे कर्जात जातात. घरात डाळ विकत आणावी लागते. विकत आणायची वस्तू आपण चिमटीने वापरतो. बांधाच्या कडेने चार ओळी तुरीच्या, दोन मुगाच्या आणि परसात एक शेवगा एवढे राखले तरी लेकराच्या वाटीत वर्षभर काही ना काही पडते.

कोयत्यावरचे बालपण

दसरा-दिवाळी झाली की आपल्या भागातून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या गट्टीवर कोपी उभी राहते आणि उन्हाळा लागेपर्यंत तेच घर. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय निघाली आहे. ती जेथे नीट चालते तेथे मोठी मुले आजी-आजोबांजवळ राहून शिकतात. पण अंगावर पिणाऱ्या लेकराला वसतिगृह नसते. ते आईबरोबर जाते.

त्या लेकराचा दिवस डोळ्यांपुढे आणा. पहाटे चारला, थंडीत, आई त्याला गोधडीत गुंडाळून फडात आणते. पाचटावर निजवते. उजाडेपर्यंत आणि उजाडल्यावरही तोड चालते, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. फडात साप-विंचू असतात. ट्रॅक्टर मागे घेताना पाठीमागे लेकरू निजले आहे हे चालकाला दिसत नाही. लेकराची लस चुकते, कारण लसीचे कार्ड गावात आणि लेकरू परगावात. अंगणवाडीतले त्याचे नाव गावात आणि भूक फडात.

पूर्वी असे कधी नव्हते आणि आता झाले, असे नाही. बहात्तरच्या दुष्काळातही बायकामाणसे लेकरे घेऊन घराबाहेर पडली होती. त्या वेळी सरकारने दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. कामावर लेकरांना सुकडी मिळे. आज सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या जिभेवर ती चव अजून आहे. त्या अनुभवातूनच रोजगार हमीचा कायदा झाला. पुढे २००५ च्या केंद्राच्या कायद्यात तर कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई ठेवावी आणि तिला इतरांएवढीच मजुरी द्यावी, अशी तरतूद केली गेली. याचा अर्थ एवढाच की लेकरू सांभाळणे हेही काम आहे आणि त्याला दाम आहे, हे सरकारने मान्य केले. खडी फोडण्याच्या कामावर जे मान्य झाले ते उसाच्या फडात का मान्य होऊ नये? दहा-बारा कोयत्यांच्या टोळीमागे एक सांभाळणारी बाई आणि एक सावलीची जागा. साखरेच्या एका पोत्यामागे तिचा खर्च किती पडेल, याचा हिशेब कारखान्याच्या सभासदांनी सभेत एकदा जरूर मागावा. आपल्यापैकी पुष्कळ वाचक सभासद आहेत.

जामखेडने काय दाखवले

'हे सगळे खरे, पण गरिबी हटल्याशिवाय काय होणार?' असे तुम्ही म्हणाल. यावर आपल्या शेजारचेच उदाहरण आहे.

भूम-परंड्याच्या शेजारी जामखेड तालुका. तेथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य आले. तोही आपल्यासारखाच कोरडवाहू, दुष्काळी, टोळ्या जाणारा मुलूख. त्या वेळी तेथे जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी पावणेदोनशेच्या घरात मुले वर्षाच्या आत जात. डॉक्टरांना लवकरच कळून चुकले की दवाखान्यात औषध देऊन भागत नाही. लेकरू बरे होऊन घरी जाते आणि महिन्याभरात पुन्हा येते. मग त्यांनी गावोगावच्या बायांना हाताशी धरले. त्यांतल्या पुष्कळ निरक्षर होत्या, बऱ्याच जणी दलित वस्तीतल्या होत्या. त्यांना बाळंतपण, हगवणीवरचे पाणी, लेकरांचे वजन, स्वच्छता हे शिकवले. गावात शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी केली. पाण्यासाठी विंधनविहिरी घेतल्या. लेकरांसाठी गावातलेच धान्य वापरून जेवण सुरू केले.

पंचवीस वर्षांत तेथला बालमृत्यूचा आकडा हजारी वीस-पंचवीसच्या आसपास आला. पाऊस तेवढाच राहिला, जमीन तीच राहिली. गाव मात्र लेकराकडे पाहायला शिकले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरची माणसे जामखेडला शिकायला आली.

आपल्या जिल्ह्यातही तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या पुढाकाराने हॅलो मेडिकल फाउंडेशनने याच वाटेने काम केले. गावातल्याच बायांना शिकवून त्यांनी 'भारतवैद्य' तयार केल्या. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची निगा राखायला बायांना शिकवले. तेथे पहिल्या महिन्यातले बालमृत्यू हजारी ६२ वरून २५ वर आले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या मारते, त्यामागे ही सगळी पुण्याई आहे.

परदेशातलीही दोन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशात १९६९ ते १९७७ या काळात चार खेड्यांत एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत लेकरांना पिठाची, दूध भुकटी घातलेली कांजी रोज मिळे, दोन खेड्यांत नुसते गोड सरबत. तीसेक वर्षांनी त्या मुलांची चौकशी केली. ज्यांना दोन वर्षांच्या आत कांजी मिळाली होती ते पुरुष तासाला सुमारे ४६ टक्के अधिक मजुरी मिळवत होते. दुसरे उदाहरण जमैका बेटावरचे. तेथे खुज्या लेकरांच्या घरी एक आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जाई. घरच्या डब्या-चिंध्यांची खेळणी करून आईला लेकराशी कसे खेळायचे, कसे बोलायचे हे दाखवी. असे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई त्यांच्यासारख्याच इतर मुलांपेक्षा २५ टक्के जास्त भरली. खेळ आणि बोलणे यांचेही पीक येते ते असे.

घरात करता येईल असे

आता कामाचे बोलू. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही किंवा थोडका लागतो.

एक. म्हैस व्याली की वासराला चीक पाजल्याशिवाय आपण गोठा सोडत नाही. बाळाचेही तसेच आहे. जन्मल्यापासून तासाच्या आत आईचे पिवळसर पहिले दूध बाळाला पाजावे. ते पिळून टाकू नये. मध, गूळपाणी, गुटी काही चाटवू नये. सहा महिने फक्त अंगावरचे दूध, पाणीसुद्धा नको, उन्हाळ्यातही नको.

दोन. सहा महिने पुरे झाले की वरचे अन्न सुरू करावे आणि अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. पहिल्यांदा दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा आणि मध्ये एखादे फळ, उकडलेले अंडे कुसकरून किंवा शेंगदाण्याचे कूट. अन्न पातळ पाणी नको, चमच्यावरून ओघळणार नाही इतके घट्ट हवे. वरणाचे नुसते पाणी देऊ नका. डाळ कुसकरून द्या.

तीन. घरचे पीठ करून ठेवा. दोन वाट्या ज्वारी किंवा गहू, एक वाटी मूगडाळ किंवा फुटाण्याची डाळ, अर्धी वाटी शेंगदाणे. वेगवेगळे भाजून एकत्र दळून कोरड्या डब्यात ठेवा. काळपट, बुरशी आलेले शेंगदाणे निवडून टाका. लागेल तेव्हा दोन मुठी पीठ पाण्यात किंवा दुधात शिजवा, गूळ घाला आणि वरून एक चमचा तेल किंवा तूप. त्या एका चमच्याने लहानशा वाटीतले बळ खूप वाढते. गव्हाला मोड आणून, उन्हात वाळवून, मोड चोळून काढून, भाजून दळलेले पीठ चमचाभर घातले तर घट्ट खीर सैल होते आणि लेकराला सहज गिळता येते. ज्वारीला मात्र यासाठी मोड आणू नयेत. तिच्या कोवळ्या कोंबात विष असते, म्हणून तर जनावरेही आपण त्यापासून दूर ठेवतो.

चार. दुकानातल्या पुड्याचे आणि अंड्याचे दाम फार लांब नाहीत. ज्या दिवशी पुडा घ्यायला हात खिशात जाईल त्या दिवशी अंडे घ्या.

पाच. हगवण लागली की खाणे-पिणे तोडू नका. ओआरएसची पुडी आशाताईंकडे फुकट मिळते, ती सांगतील तेवढ्या उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून थोडे थोडे पाजा. जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस पुऱ्या द्या. लेकरू मलूल झाले, डोळे खोल गेले, शौचात रक्त आले किंवा पिणेच सोडले तर वाट पाहू नका, दवाखाना गाठा.

सहा. बापांनो, हे तुमच्यासाठी. संध्याकाळी पारावर जाण्याआधी अर्धा तास लेकरू मांडीवर घ्या. त्याला नावाने हाका मारा. बैल दाखवा, चिमणी दाखवा, वाटीत दाणे टाकून खुळखुळा करा. तेवढ्या अर्ध्या तासात आईचा स्वयंपाकही होतो आणि तिला आपल्याबरोबर गरम भाकरी खाता येते.

गावाने करायचे

घराने करायचे तेवढे केले तरी एक प्रश्न उरतोच, तो गोरोबाकाकांच्या घरातला. आई-बाप कामावर असताना लेकराची राखण कोणी करायची? याला उत्तर एकट्या घराकडे नाही, गावाकडे आहे.

खुरपणी, सोयाबीन काढणी, हरभरा सोंगणी या दिवसांत बायांचे गट रानात जातात. ज्यांच्या रानात जातात त्या शेतकऱ्यांना एक विनंती. दहा बायांमागे एका वयस्क बाईला रोज द्या आणि सगळी लेकरे तिच्याजवळ सावलीला ठेवा. अंगावर पाजणाऱ्या बाईला दोनदा पाव-पाव तास सुट्टी द्या आणि तिचा रोज कापू नका. मन लेकराकडे लागलेली बाई काम सावकाशच करते. लेकरू सुखरूप आहे हे कळले की तिचा हात पटापट चालतो. यात तुमचे नुकसान नाही.

दुसरे, अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ ठिकाणी ही योजना सुरू झाली. आज ती वाडी-वस्तीवर पोचली आहे. पण पुष्कळ ठिकाणी आपण तिला खिचडीची शाळा समजतो. अंगणवाडीताईचे खरे काम लेकरांचे वजन-उंची मोजणे हे आहे. महिन्याला वजन झाले का, वाढले का, हे विचारा. दूध डेअरीत फॅट किती लागले हे आपण रोज विचारतो. लेकराचे वजन महिन्यातून एकदा विचारायला काय हरकत आहे? ताईकडे दंड मोजायची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला किंवा दोन्ही पायांवर सूज आली तर ते धोक्याचे लक्षण आहे. अशा लेकरासाठी गावात ग्राम बाल विकास केंद्र चालवता येते आणि आजारी असेल तर रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात आईसह ठेवून घेतात.

तिसरे, ग्रामसभा. रस्ता, दिवाबत्ती, सभामंडप यांवर ग्रामसभेत भांडणे होतात. अंगणवाडीला पाणी आहे का, मोजमापाचा काटा चालतो का, टोळीबरोबर किती लेकरे जाणार आहेत, हा प्रश्न कोणी विचारल्याचे क्वचित ऐकू येते. दसऱ्याआधीच्या ग्रामसभेत ही यादी वाचली जावी. ज्यांच्याकडे आजी-आजोबा आहेत त्यांची मोठी मुले वसतिगृहात राहतील. जी जाणार त्यांची लसीची कार्डे बरोबर जातील.

हक्काचे मागा, लाजू नका

रेशनकार्डावरचे धान्य आता देशात कोठेही उचलता येते. फडावर गेलेल्या कुटुंबाने आधार आणि कार्डाचा नंबर बरोबर न्यावा. तेथल्या अंगणवाडीतही लेकराचे, गरोदर बाईचे नाव घालून मागता येते. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेतून ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. ते पैसे बाळंतिणीच्या खाण्यासाठी आहेत, उचल फेडण्यासाठी नाहीत. घरी न्यायचा आहार ज्या माउलीच्या नावाने मिळतो तो तिच्याच पोटात जावा. तो सगळ्या घरात वाटला गेला किंवा जनावराला घातला गेला तर सरकारला दोष देऊन उपयोग नाही.

२००५ मध्ये महाराष्ट्राने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केले. दोन वर्षांखालच्या मुलांत खुजेपण २००५-०६ मध्ये शंभरात ३९ होते, ते २०१२ च्या पाहणीत २४ च्या आत आले. राज्याने मनावर घेतले तर सात वर्षांत एवढा फरक पडतो. पण मोहीम ढिली पडली की गाडी घसरते, हेही नंतर दिसले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची जी यादी केली तीत महाराष्ट्रातले चार जिल्हे होते आणि आपला जिल्हा त्यांतला एक होता. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले. नाव बदलायला एक राजपत्र पुरले. दशा बदलायला हजार दिवस लागतात, दर लेकरामागे हजार.

शेवटी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. हे सगळे वाचून एखादी माउली म्हणेल, 'पाव्हणं, सांगता ते बरोबर हाय. पण म्या कामाला गेले न्हाई तर पीठ कुठनं आणू?' तिचे खरे आहे. मजुरी वाढल्याशिवाय, गावात काम मिळाल्याशिवाय आणि उचलीचा फास सुटल्याशिवाय नुसत्या उपदेशाने लेकरे धष्टपुष्ट होत नाहीत. ती लढाई मोठी आहे आणि ती लढलीच पाहिजे. पण त्या लढाईचा निकाल लागेपर्यंत झोळीतले लेकरू थांबत नाही. त्याचे हजार दिवस आज मोजले जात आहेत.

तेव्हा उद्या सकाळी रानात निघालात की बांधावरच्या झोळीपाशी क्षणभर थांबा. लेकरू तुमचे असो की दुसऱ्याचे. त्याच्याजवळ कोण आहे, दुपारी त्याच्या पोटात काय जाणार आहे, एवढे दोन प्रश्न विचारा. उत्तर समाधानाचे नसेल तर त्या दिवसाचे पहिले काम तुम्हाला मिळाले म्हणून समजा.